रेडिओग्राफीच्या कोर्सला प्रवेश घेण्याआधी

सर्व सभासदांना नमस्कार. एक्स-रे, सीटी किंवा एमआरआयचं प्रशिक्षण घ्यायचं असेल, तर फी भरण्याआधी कोर्सला मान्यता आहे का आणि त्या प्रमाणपत्रावर व्यावसायिक नोंदणी होते का, हे लेखी विचारून घ्या. मान्यता नसेल तर पुढची चौकशीच नको.

प्रत्यक्ष रुग्णांसोबत किती तास मिळतात तेही विचारा. छातीच्या एक्स-रेला खांदे पुढे घ्यायला लावणं, 'श्वास घ्या, रोखून धरा' म्हणून नेमक्या क्षणी बटण दाबणं, हे हातानेच शिकावं लागतं. विद्यार्थ्यांना किरणोत्सर्ग मोजणारा बॅज देतात का? माझ्या मते संस्थेची खरी पारख इथेच होते.

जमलं तर विभागात एक दिवस थांबून काम बघा. शंका असल्यास ग्रुपवर जरूर विचारा.