मेडिकाच्या काकूंना

प्रिय काकू,

तुमचं नाव मला माहीत नाही. केशरी जॅकेट, चष्मा आणि हातात सुपाचा डाव, एवढ्याच खुणेवर हे पत्र लिहितेय. पोलंडमधल्या कुणी मराठी माणसाने ते तुमच्यापर्यंत पोहोचवावं, ही हात जोडून विनंती.

24 फेब्रुवारी 2022 ला युद्ध सुरू झालं, तेव्हा मी युक्रेनमध्ये टर्नोपिलला मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला होते. बसवाल्याने शेहिनी सीमेच्या खूप अलीकडेच उतरवलं, कारण पुढे गाड्यांची रांगच रांग होती. मग कडाक्याच्या थंडीत, पाठीवर सॅक टाकून पायपीट. गेटपाशी आम्हा भारतीय मुलांना पुन्हा पुन्हा मागे सारत होते. पलीकडे पोलंडच्या मेडिका गावात पोहोचले तेव्हा माझ्यात रडायचंही त्राण नव्हतं.

तुम्ही मला बसवलंत, ओले बूट स्वतःच्या हाताने काढलेत, कोरडे लोकरी मोजे चढवलेत आणि तुमचा फोन पुढे केलात. आई पलीकडून एकच विचारत राहिली, "जेवलीस का गं?"

मग तुम्ही मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलंत, काय शिकतेस? मी सांगितलं, तशी प्रथमोपचाराची पेटी माझ्या हातात देऊन म्हणालात, "चल, डॉक्टर." एक युक्रेनियन आई चार-पाच वर्षांच्या मुलाला घेऊन बसली होती. अठरा ते साठ वयाच्या पुरुषांना देश सोडायला बंदी, म्हणून बाप मागेच राहिलेला. पोराच्या टाचेचा फोड फुटून मोजा कातडीला चिकटला होता. मी कोमट पाण्याने तो भिजवत भिजवत हळूहळू सोडवला, जखम धुतली, पट्टी बांधली. तुम्ही टॉर्च धरला होतात. पोरगं चॉकलेट चघळत टक लावून माझ्याकडे बघत होतं.

मला तर विमान मिळणार होतं, घर होतं. त्या मायलेकांचं घर मागे राहिलं होतं, तरी ती आई मला पोलंडमध्ये शाळा कधी सुरू होतात ते विचारत होती! पोराला शाळेत घालायचं होतं तिला. काकू, तुम्ही मला कामाला लावलंत, म्हणून मी तिच्याजवळ बसले. नुसती घोंगडी पांघरून कोपऱ्यात पडून राहिले असते, तर पुन्हा पुस्तक उघडायचं बळ कुठून आणलं असतं?

अभ्यास सोडला नाही. ऑनलाइन लेक्चर चालू असताना सायरन वाजला की आमच्या मॅडम तळघरात जायच्या आणि परत येऊन तिथूनच पुढे शिकवायच्या. त्या हिवाळ्यात वीजकेंद्रांवर हल्ले झाले, तेव्हा तासच्या तास बुडायचे. पुढे बदलीची परवानगी मिळाली आणि उरलेली वर्षं जॉर्जियात काढली. आता भारतातली परवाना परीक्षा पास झालेय.

आणखी एक सांगायचंय. मी कोल्हापूरची. आमच्याजवळच्या वळिवड्यात 1943 ते 1948 पोलिश निर्वासितांची छावणी होती. सोव्हिएत सत्तेने सायबेरियात हाकललेली माणसं, बहुतेक बायका आणि मुलं, इराणमार्गे इथे आली. पाचेक हजार होती. त्यांनी इथे शाळा चालवल्या, नाटकं बसवली. महावीर गार्डनमध्ये त्यांच्या आठवणीचा स्तंभ आहे. मी तो लहानपणापासून बघत आलेय, पण त्या मुलांचा विचार मी मेडिकाहून परतल्यावरच केला.

कोल्हापूरला या, काकू. आमच्याकडेच उतरा. आईला तुम्हाला स्वतःच्या हाताने जेवायला वाढायचंय.

तुमची,
टर्नोपिलहून चालत आलेली मुलगी