शिवी मला होती, बाळा

पुणे, रविवार दुपार

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

परवा रात्री कॉल सेंटरमध्ये ज्या बाईवरून तू त्या कस्टमरशी फोनवर भांडलास, ती बाई मी. तेव्हा या विषयावर बोलायचा पहिला हक्क माझा, तुझ्या टीएलचा, म्हणजे टीम लीडरचा, नंतर.

काल सकाळी सहाला तुझा फोन आला आणि ‘आई’ एवढं म्हणून तू गप्प बसलास. कॉलवर अशी शांतता पसरली की आम्ही क्वालिटीवाले, म्हणजे कॉल ऐकून मार्क देणारे, तिला डेड एअर म्हणतो आणि मार्क कापतो. मी सवयीने मोजत बसले. सदतीस सेकंद. मग हळूहळू सगळं निघालं. बिर्याणी पोचली नाही, २६० रुपये अडकले, त्या माणसाचा तो तिसरा फोन, त्याने तुझ्या आईचा उद्धार केला आणि तूही त्याच्या आईला सोडलं नाहीस. नेमकं काय बोललास ते मला सांगितलं नाहीस. सांगितलं असतंस तरी मी काही चक्कर येऊन पडले नसते. क्वालिटीने फेटल, म्हणजे माफी नसलेली चूक, दिला, वॉर्निंग लेटरवर सही घेतली, आणि आता सोमवारपासून जातच नाही म्हणतोस.

फोनवर मी ‘बरं, झोप आता’ एवढंच म्हटलं. नाइट करून आलेल्या माणसाशी वाद घालू नये, हे मी तुझ्या बाबांना शिकवलंय, तर मला स्वतःला पाळायला हवं. व्हॉट्सॲपवर एवढं लिहिलं असतं तर तू अंगठा टाकून मोकळा झाला असतास, म्हणून कागदावर लिहून लाडवांच्या डब्यात घालतेय. आधी पत्र वाच, मग लाडू खा. तू उलटं करणार हे मला माहीत आहे.

तुझा कॉल माझ्याकडे ऑडिटला आला असता तर मीही फेटलच दिला असता. ग्रीटिंग चांगलं, व्हेरिफिकेशन बरोबर, आणि शेवटी अख्ख्या कॉलला शून्य. तुझ्या वयाच्या कितीतरी पोरांना दिलाय. हेडफोन लावून त्यांचा आवाज ऐकताना कळतं की आता हा फुटणार. एक श्वास मोठा येतो, ‘सर’ जरा लांबतो, आणि मग फुटतो. मला त्या श्वासालाच कॉल थांबवावासा वाटतो, पण ते रेकॉर्डिंग कालचं असतं.

‘सर, अशी भाषा वापरलीत तर मला कॉल बंद करावा लागेल.’ हे वाक्य तुला ट्रेनिंगमध्ये पाठ करून घेतलं असणार. दोनदा म्हणायचं, टीएलला हात करायचा, नोट टाकायची आणि कॉल सोडून द्यायचा. पोरं ते वापरतच नाहीत. त्या वाक्यात राग निघत नाही ना! मलाही पहिली दोन वर्षं ते वाक्य म्हणजे पळपुटेपणा वाटायचा. नंतर लक्षात आलं की फ्लोअरवर आपल्या हातात असलेलं एकच दार तेवढं आहे. बाकी काय असतं आपल्या हातात? रिफंड आपण मंजूर करत नाही, डिलिव्हरीवाल्याला आपण ओळखत नाही, आणि चूक कुणाची ते कंपनी आपल्याला सांगत नाही. माणूस एक दाबतो, चार दाबतो, नऊ दाबतो, दहा मिनिटं तेच ते संगीत ऐकतो, आणि सरतेशेवटी ज्या पहिल्या जिवंत माणसाचा आवाज येतो त्याच्यावर सगळं ओततो. कंपनीला हे ठाऊक नसतं असं समजू नकोस. २६० रुपये अडवून ठेवायचे आणि ते ऐकून घ्यायला बावीस वर्षांचं पोरगं बसवायचं, हा हिशेब कुणीतरी नीट करूनच मांडलेला असतो.

आता माझा हिशेब. दिवसाला ऐंशी कॉल, महिन्याचे सव्वीस दिवस, म्हणजे दोन हजारांच्या वर. शंभरात एक जरी शिव्या देणारा धरला तरी महिन्याला वीस वेळा तुझ्या आजीचा उद्धार झाला. ती बिचारी त्या वेळी घरी तुला मऊ भात भरवत असायची. बाईमाणसाला आणखी वेगळंही ऐकावं लागतं. ‘मॅडम, आवाज गोड आहे, लग्न झालंय का?’ याला स्क्रिप्टमध्ये उत्तर नव्हतं. मी म्हणायचे, ‘सर, आपल्या तक्रारीचा क्रमांक लिहून घेता का?’ निम्मे तिथेच थंड व्हायचे.

२००५ साली मी लागले तेव्हा तू दोन वर्षांचा होतास. ब्रिटनच्या विजेच्या बिलांची प्रोसेस, म्हणजे तिकडच्या गिऱ्हाइकांचे फोन. महिनाभर आमचं तोंड वळवण्यात गेला. ट्रेनर म्हणायचा, व्ही म्हणताना खालच्या ओठाला दात लागले पाहिजेत, डब्ल्यूला नाही. आपण मराठीत ‘व्ह’ आणि ‘व’ वेगळे लिहितो, म्हणून मला वाटलं हे आपल्याला सोपं. बोलताना मात्र ‘व्हॉट’ आणि ‘व्होल्ट’ दोन्ही एकाच विहिरीतून यायचे. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास मागे जायची आणि इकडे आमची शिफ्ट रात्री एक तास उशिरा सुटायची. आजीला ते कधी पटलं नाही. ‘त्यांनी घड्याळ फिरवलं तर तू का जागायचं?’ २००७ च्या नोव्हेंबरात पुण्यात कॅबने कामाला निघालेल्या एका मुलीचं जे झालं, त्यानंतर तर ती मी येईपर्यंत दाराशी पाट घेऊन बसायची. शेवटचा ड्रॉप बाईचा नको, असला तर गाडीत गार्ड हवा, यावर सगळे काटेकोर झाले ते तेव्हापासून. आमच्या गाडीतला गार्ड लोणावळ्यापासून येणारा म्हातारा होता, तो माझ्याआधी झोपायचा. असो.

शिव्यांवर माझा उपाय होता म्यूट. बटण दाबायचं, मनसोक्त बोलायचं, बटण सोडायचं, ‘होल्डवर राहिल्याबद्दल धन्यवाद, सर.’ एकदा फसलं. २ एप्रिल २०११, वर्ल्ड कपची फायनल. मी तेव्हा डीटीएचच्या मराठी प्रोसेसला. कोल्हापूरकडचा माणूस, टीव्हीवर ‘नो सिग्नल’, घरात वीस माणसं जमलेली, आणि सिस्टिम मला सांगतेय की इंजिनिअर उद्या दुपारी. ‘उद्या काय त्याची आरती करू?’ असं म्हणून त्याने सुरुवात केली. तोंडाचा पट्टाच सुटला. मी म्यूट दाबलं आणि म्हटलं, ‘मुडदा बशिवला तुझा मेल्या, मी काय आभाळात बसलेय का?’ पलीकडे एकदम शांत. मग अगदी सावकाश आवाज आला, ‘ताई, म्यूट लागलं न्हाई तुमचं.’

माझे हातपाय गार पडले. आणि तो हसायला लागला. ‘आमची आज्जी असंच म्हनायची. बोला, काय करू?’ मग मी त्याच्या पुतण्याला बॅटरी घेऊन कौलांवर चढवलं. तो वर छत्री बोटभर सरकवणार, खाली दारात एकजण उभा, आत एक म्हातारे टीव्हीपुढे. ‘आलं! आलं!... गेलं रं!’ सिग्नलची पट्टी पन्नासवर आली की मी इकडून ‘थांबा, हलवू नका’ म्हणून ओरडतेय, माझ्या आजूबाजूचे सगळे मान वळवून बघतायत. बावीस मिनिटं. गंभीर सत्त्याण्णववर गेला ते मला त्या म्हाताऱ्यांच्या ओरडण्यावरून कळलं. आमच्या फ्लोअरवर टीव्ही नव्हता, पण त्या रात्री मॅच मी त्यांच्या घरात बसून पाहिली म्हण ना! माझ्या एएचटीचं, म्हणजे एका कॉलला लागणाऱ्या सरासरी वेळेचं, वाटोळं झालं. चार मिनिटांची मर्यादा, टीएलने महिनाअखेरीला इन्सेंटिव्ह कापला. तो कॉल ऑडिटला निघाला नाही हे माझं नशीब, नाहीतर हे पत्र लिहायला मी क्वालिटीत नसतेच.

दुसरा कॉल तुला कधी सांगितला नाही. २०१६, नोटाबंदी. मी बँकेच्या हेल्पलाइनला होते. ते पंधरा दिवस आम्ही डबा खाल्ला तो हेडसेट गळ्यात अडकवून. क्यूमध्ये सतत दोनशे-अडीचशे. त्यात एक बाई आल्या, आवाज इतका बारीक की मी व्हॉल्यूम शेवटपर्यंत नेला. पिठाच्या डब्यात साडेतीन हजार होते, सगळ्या पाचशेच्या. घरात कुणाला माहीत नाही. प्रश्न एकच: ‘खात्यात भरले तर मेसेज जाईल का हो?’ मी बघितलं, खात्याला नंबर नवऱ्याचा जोडलेला. जाणारच. कितीचे भरले ते, किती वाजता ते, सगळं त्याच्या हातात. स्क्रिप्टप्रमाणे मी म्हणायला हवं होतं, ‘हो मॅडम, जाईल, आणखी काही मदत?’ मी म्हटलं, ‘ताई, खात्यात भरूच नका. ओळखपत्र घेऊन जा, काउंटरवर चार हजारांपर्यंत बदलून देतायत, त्याचा मेसेज येत नाही.’ तेव्हा नियम तसाच होता, पुढे तो बदलत गेला. पलीकडे त्यांनी श्वास सोडला तो मला ऐकू आला. ‘किती वाजता जाऊ?’ म्हणाल्या, आणि एकदम आवाज मोठा झाला, ‘हां हां, मग पापडाचं उद्या बघू, ठेवते!’ कॉल कट. कुणीतरी घरात आलं असणार.

मी कॉलच्या विषयाचा टॅग टाकायला बसले. ड्रॉपडाउनमध्ये पापडाचा पर्याय नव्हता. ‘इतर चौकशी’ टाकलं.

पगार सोडून या कामाने मला काय दिलं असं तू एकदा विचारलं होतंस, चिडून विचारलं होतंस, तर तो पापड मी तुला दाखवू शकते. फार नाही, वर्षाकाठी असे पाच-सहा. बाकीचे हजारो कॉल मला आठवत नाहीत, शिव्यांसकट.

आता जे मला जड जातंय ते लिहिते. तू चिडला होतास ते लॉकडाउनमध्ये. कंपनीने टेम्पोतून कॉम्प्युटर पाठवला, फ्रिजशेजारी माझं टेबल लागलं, आणि बारावीला जाणारा तू पहिल्यांदा मला दिवसभर ऐकलंस. हप्ते थांबवायची सवलत आली होती, लोक घाबरलेले, नोकऱ्या गेलेल्या, आणि मी एकेकाला समजावतेय, ‘काका, काळजी करू नका, मी आहे ना.’ मागे कुकरची शिट्टी झाली की तुला हातानेच खूण करतेय, गॅस बंद कर. संध्याकाळी लॉग आउट करून मी तुझ्यावर खेकसले, कशावरून ते आठवत नाही, टॉवेल असेल. तू म्हणालास, ‘अनोळखी काकांशी एवढं गोड, आणि आम्हाला काय उरलेलं?’

मी तेव्हा कानाडोळा केला. पण ते खरं होतं. तू आठ वर्षांचा असताना गुडघा फोडून रडत आलास आणि मी रोस्टरबद्दल फोनवर होते, तर तुला बोट दाखवून म्हणाले, ‘एक मिनिट होल्डवर राहा.’ तू राहिलास. रक्त पायमोज्यात उतरेपर्यंत भिंतीला टेकून उभा राहिलास. आजीने नंतर मला चांगलंच फैलावर घेतलं. आवाज दिवसभर तिकडे वापरून संपायचा रे, घरी आले की मला कुणाचा ‘आई’ सुद्धा ऐकवत नसे. हे कारण झालं, माफी नाही. माफी मी भेटल्यावर मागीन, कागदावर नाही.

म्हणून शनिवारी पहाटे तुझे ते सदतीस सेकंद मी ऐकून घेतले. मार्क कापले नाहीत.

नोकरीचं म्हणशील तर सोड किंवा राहा, मी काही म्हणणार नाही. बाबा म्हणतात सहा महिने काढ, त्यांचं ते भोसरीतल्या कारखान्याचं गणित आहे, तिथे मशीन शिव्या देत नाही. मात्र न सांगता घरी बसू नकोस. ॲब्स्कॉन्डिंग, म्हणजे न सांगता पळाल्याचा शिक्का, लागतं, रिलीव्हिंग लेटर मिळत नाही, आणि पुढच्या ठिकाणी बॅकग्राउंड चेकला तेच उकरून काढतात. मेल टाक, नोटीस भर, पीएफचा नंबर लिहून घे, आयडी कार्ड परत केल्याची पोच घे. राहणार असलास तर टीएलला सांगून आठवडाभर चॅटवर बस. आणि पाणी पी. नाइटला पोरं पाण्याऐवजी कॉफी पितात आणि पहाटे चारला उगीच रडू येतं, ते निम्मं पित्ताचं असतं.

लाडू डिंकाचे आहेत. रूममेटला चार दे, सगळे नको.

तुझी,
आई

ता. क. मागच्या रविवारी मी फोन केला तेव्हा तू उचलून म्हणालास, ‘नमस्कार, मी आपली काय मदत करू शकतो?’ तुझ्या लक्षातही आलं नाही. मी काही बोलले नाही, फक्त बाबांना स्पीकरवर ऐकवलं.