जीप हलत होती की हात? : डॉ. गालोविच यांना आभाराचं पत्र

आदरणीय डॉ. मारियान गालोविच यांस,
सप्रेम नमस्कार.

चोपडा तालुक्यातल्या, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावातून लिहितो आहे. आपली ओळख नाही. पण लकव्यानंतर फिट येण्याची शक्यता किती, हे गुणांनी मोजायचं तुम्ही आणि तुमच्या सहकाऱ्यांनी 2018 साली 'लॅन्सेट न्यूरॉलॉजी' या वैद्यकीय नियतकालिकात छापलेलं काम आमच्या घरात कामी आलं. त्याचे आभार मानायचे राहिले होते.

माझ्या आप्पांना लकवा मारला तो केळीची काढणी चालू असताना. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. मेंदूच्या डाव्या बाजूची धमनी गुठळीने बंद झाली होती. तीन महिन्यांनी जळगावला दाखवायला नेलं, तेव्हा डॉक्टरांनी मोबाइल आमच्याकडे वळवून तुमचा 'सिलेक्ट' स्कोअर, म्हणजे ती गुणांची मोजणी, समोरच मांडली. लकवा केवढा मोठा, मोठ्या धमनीत चरबी साचून आला का, मेंदूच्या वरच्या थराला म्हणजे कॉर्टेक्सला मार बसला का, मधल्या धमनीचा भाग आहे का, आणि पहिल्या सात दिवसांत फिट आली होती का. आप्पांना लकव्याच्या जोराचे दोन, कॉर्टेक्सचे दोन, धमन्यांचा एकेक. नवापैकी सहा. शून्य गुण असले तर वर्षभरात फिट येण्याची शक्यता 0.7 टक्के, नऊ असले तर 63. आम्ही मधले, पण वरच्या अंगाचे.

"मग आत्ताच गोळी सुरू करा ना," मी म्हणालो. फिट आलेलीच नसताना नुसत्या शक्यतेवर गोळी देत नाहीत, असं उत्तर मिळालं. खरं सांगतो, तेव्हा राग आला. गोळीऐवजी त्यांनी आईला शिकवलं : कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा, पाच मिनिटांच्या वर गेली की थेट दवाखाना.

आठव्या महिन्यात आली. आप्पा डाव्या हाताने कळण्याची भाकरी चुरत होते. उजवा हात एरवी मांडीवर नुसता पडून असायचा, त्याची बोटं अचानक ताटाच्या कडेवर टकटक वाजायला लागली. आईला क्षणभर वाटलं, हात परत आला. मग तोंड वाकडं झालं आणि आप्पा कलंडले. गल्ली गोळा झाली. कुणी कांदा फोडून आणला, कुणी चप्पल पुढे केली, एक म्हातारी म्हणाली, "हाई बाहेरनं शे." आईने आप्पांना कुशीवर केलं आणि सगळ्यांना सांगितलं, थांबा, मला घड्याळ बघू द्या. दोन मिनिटं चाळीस सेकंद. ती बाई चौथी शिकलेली आहे.

बाहेरचं नव्हतं आणि दुसरा लकवाही नव्हता. कॉर्टेक्सवरच्या जुन्या व्रणातून उठलेली फिट होती, आणि तिचं नाव आम्ही पाच महिने आधीच ऐकून होतो. मग मात्र गोळी लगेच सुरू झाली. लकव्याचा पहिला आठवडा उलटल्यावर आलेली अशी एक फिटसुद्धा दहा वर्षांत परत येण्याची शक्यता 71.5 टक्के, असं डेल हेसडॉर्फर आणि सहकाऱ्यांनी 2009 साली दाखवलं होतं. म्हणून डॉक्टरांच्या 2014 च्या व्याख्येप्रमाणे ती एकच असली तरी एपिलेप्सी, म्हणजे मिरगी, धरतात. आप्पांना दिलेल्या गोळीने, लेव्हेटिरासिटामने, माणूस चिडचिडा होऊ शकतो म्हणे. आप्पांच्या बाबतीत फरक ओळखणं अवघड आहे.

एक गोष्ट मात्र तुमच्यापर्यंत पोचायला हवी. तुमचा स्कोअर स्वित्झर्लंडच्या 1200 रुग्णांवर बांधला आणि ऑस्ट्रिया, जर्मनी, इटलीतल्या 1169 जणांवर तपासला. पहिल्या सात दिवसांतल्या फिटला तुम्ही तीन गुण देता, सगळ्यात जास्त. आमच्याकडे त्यातले पहिले काही तास जीपमध्ये जातात. परवा आईला विचारलं, नेताना आप्पांचा हात झटके देत होता का? ती म्हणाली, "हलत तर सगळंच होतं, रस्ताच तसा होता." म्हणजे आप्पा सहाचे की नऊचे, हे आता कुणालाच सांगता यायचं नाही.

तरी सहा गुणांवर आमचं काम भागलं. घड्याळाखालच्या कॅलेंडरवर आईने त्या दिवसाच्या चौकोनात 'उजवा हात, 2.40' असं लिहून ठेवलंय. पुढची पानं अजून कोरी आहेत. ही गोष्ट तुम्हाला कळवायचीच, असं तिने बजावलं होतं.

आपला कृतज्ञ,
आप्पांचा थोरला मुलगा