त्या 12 मिनिटांसाठी थँक्यू, ताई

प्रिय ताई,

तुझा नंबर लागत नाही म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहितेय. बीएडच्या ग्रुपमधून तू कधीच बाहेर पडलीस, आपल्या बॅचमधल्या दोघीतिघींना विचारलं तर त्यांच्याकडंही तोच जुना नंबर. तुझं नाव इथं टाकत नाही, तुला आवडणार नाही माहितीये, पण अक्कलकोटहून रोज एसटीनं सोलापूरला यायचीस, दोन पोरांचं आवरून, आणि कडक भाकरी अन् शेंगाचटणीचा डबा कायम दोघींना पुरेल एवढा आणायचीस, एवढं लिहिलं की तुझं तुला कळेल.

तुला मी कधी नीट थँक्यू म्हटलंच नाही. शेवटच्या दिवशी प्रॅक्टिकलच्या गडबडीत तू बस पकडायला पळालीस आणि मी गेटवर नुसता हात केला. ते आजपर्यंत मनात राहिलंय.

एक गोष्ट तुला तेव्हा सांगितली नव्हती ती आधी सांगते. सातवीत असताना 1 ऑगस्टला मी भाषणात भाग घेतला होता. 1 ऑगस्ट 1920 ला लोकमान्य टिळक गेले आणि त्याच दिवशी वाटेगावात अण्णाभाऊ साठ्यांचा जन्म झाला, त्यामुळं शाळेत दोन्ही कार्यक्रम एकत्रच असायचे आणि मला दोघांवर बोलायचं होतं. दादानं एका वहीत लिहून दिलेलं, आठ दिवस मी ते घोकत होते, शेळ्यांमागं जाताना, भांडी घासताना. "सन्माननीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग आणि इथे जमलेल्या माझ्या बालमित्रांनो, मी तुम्हाला जे काही दोन शब्द सांगणार आहे ते आपण शांतचित्ताने ऐकून घ्यावे ही नम्र विनंती" इथपर्यंत एका दमात म्हणाले आणि पुढं म्हणाले, "1 ऑगस्ट 1920 रोजी लोकमान्य टिळकांचा जन्म झाला." सगळी शाळा हसली. पोरं हसणारच, त्यांचं मला काही वाटत नाही, पण ज्या सरांच्या हातात माइक होता ते माइकमध्येच म्हणाले, "बसा आता खाली, पुढचा कोण?" आणि नंतर वर्षभर हजेरी घेताना मला त्यावरूनच हाक मारायचे. तेव्हापासून मी वर्गात हात वर केला नाही. दहावी, बारावी, बीएस्सी, कुठंच नाही. उत्तर येत असलं तरी नाही. टीवायला सेमिनार होता तेव्हा मला खरंच ताप आला, खोटा नाही, खरा, 101.

आणि अशी मुलगी बीएडला आली, म्हणजे आयुष्यभर वर्गासमोर उभं राहायच्या कोर्सला. घरी दुसरा काही पर्याय दिसत नव्हता, आणि शिकवावं असं मनापासून वाटायचंही, फक्त उभं राहिल्यावर काय होणार याचा विचार मी पुढं ढकलत होते.

मग सूक्ष्म अध्यापन आलं, म्हणजे छोट्या छोट्या पाठांतून शिकवायचा सराव. ते कधी, कुठं, कुणी काढलं, तर 1963, अमेरिकेतलं स्टॅनफर्ड विद्यापीठ, ड्वाइट अ‍ॅलन हे आपण सगळ्यांनी पेपरसाठी पाठ केलेलं, आणि ते घड्याळ पण: 6 मिनिटं पाठ, 6 मिनिटं प्रत्याभरण (म्हणजे फीडबॅक), 12 मिनिटं पुनर्नियोजन, परत 6 मिनिटं पाठ, परत 6 मिनिटं प्रत्याभरण, एकूण 36. समोर खरी मुलं नसतात, आपल्यातलेच आठदहा जण विद्यार्थी होऊन बसतात, आणि एका वेळी एकच कौशल्य करायचं असतं. माझं पहिलंच सज्जता प्रवर्तन होतं, म्हणजे पाठाच्या सुरुवातीला मुलांना विषयाकडं वळवायचं कौशल्य, घटक बाष्पीभवन. पाठाचं टाचण तर मी इतकं सुंदर लिहिलं होतं की मॅडमनी ते वर्गात दाखवलं होतं.

उभी राहिले आणि सातवीतलं सगळं परत आलं. तोंडाला कोरड, कानात ठोके, गुडघे आपले नाहीतच असं. बायॉलॉजी शिकलेली असल्यामुळं शरीरात काय चाललंय ते मला माहीत होतं, भीती वाटली की अ‍ॅड्रेनलिन सुटतं, छाती धडधडते, लाळ कमी होते, पण माहीत असून उपयोग शून्य. "द्रवाचे वायूत रूपांतर होण्याच्या क्रियेला" एवढं म्हणून थांबले. फळ्यावर लिहायला वळले तर खडू मोडला. दुसरा घेतला, तोही थरथरत होता, फळ्यावर टकटक आवाज येत होता त्याचा. दोन मिनिटं पण झाली नसतील, मी जागेवर येऊन बसले. निरीक्षण तक्त्यात काय लिहायचं म्हणून सगळे गप्प खाली बघत होते. मॅडम चांगल्या होत्या, एवढंच म्हणाल्या की 12 मिनिटं आहेत, विचार कर आणि परत ये.

तू माझा हात धरून व्हरांड्यात नेलंस, पाण्याच्या टाकीपाशी. मला वाटलं आता ही म्हणणार, घाबरू नको, आत्मविश्वास ठेव, समोरच्यांना काही येत नाही असं समज. आयुष्यभर हेच ऐकलं होतं सगळ्यांकडून. तू टाचण माझ्या हातातून काढून घेतलंस, घडी करून कमरेला खोचलंस आणि विचारलंस, "तुमच्या घरी माठ कुठं ठेवतात गं?"

मी म्हटलं, माठ नाही, रांजण आहे. कुठं? म्हटलं पडवीत, उत्तरेकडच्या भिंतीला. मग तू विचारलंस तिथंच का, आणि मी सांगायला लागले, की तिथं ऊन येत नाही पण वारा येतो, आई रांजणाला ओलं गोणपाट गुंडाळते, उन्हाळ्यात दुपारी ते परत भिजवायचं काम माझ्याकडं असायचं, आमच्याकडं सांगोल्याच्या बाजूला एप्रिल-मेमध्ये भिंतीला हात लावता येत नाही इतकं ऊन असतं पण त्या रांजणातलं पाणी दाताला झोंबतं, आणि जुना झाला की रांजणाची छिद्रं बुजतात, मग पाणी पाझरत नाही आणि गारही होत नाही म्हणून आई दोनतीन वर्षांनी नवा आणते. तू मधेच विचारलंस, "पाझरलं की गार का होतंय पण?" आणि मी म्हटलं, अगं ते बाहेर आलेलं पाणी वाफ होऊन जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं ना.

तू नुसती बघत राहिलीस माझ्याकडं. मग म्हणालीस, "झालं की. हेच आत जाऊन सांग. मलाच सांग, बाकीच्यांकडं बघू नको."

आणि दारातून आत जाताना पाठीवर हात ठेवून, "श्वास आधी सोड सगळा, घ्यायचं मागनं बघू."

दुसऱ्या पाठाचा पहिला प्रश्न मी तुला विचारला, तुमच्याकडं पाणी कशात ठेवतात? तू एखाद्या सातवीच्या पोरीसारखं उभं राहून उत्तर दिलंस, आणि तेही मुद्दाम अर्धवट, म्हणजे मला पुढचं विचारावं लागेल असं. माझा आवाज शेवटपर्यंत कापत होता. हातसुद्धा. पण 6 मिनिटं पूर्ण झाली, आणि मॅडमनी बेल दिली तेव्हा मी वाक्याच्या मध्यावर होते, बोलायचं शिल्लक होतं माझ्याकडं!

लोकांना सांगताना मी इथंच थांबते, त्यांना वाटतं त्या दिवशी भीती गेली. गेली नव्हती. नंतरचे चार महिने तू लवकरची एसटी पकडून यायचीस ते कुणाला माहीत नाही. रिकाम्या वर्गात तू शेवटच्या बाकावर बसायचीस आणि मी फळ्यापाशी. "ऐकू येईना" एवढंच म्हणायचीस, मोठ्यानं बोल असं कधी नाही. पाठांतर तू मला करूच दिलं नाहीस. फक्त पहिलं वाक्य पक्कं ठेवायचं आणि पुढचे चार शब्द कागदावर, बाकी सांगत जायचं. हातात डस्टर धरायचा, म्हणजे हाताला काम मिळतं. नजर तीन ठिकाणी तीन ओळखीच्या चेहऱ्यांवर. विसरलं तर गप्प उभं राहायचं, पाणी प्यायचं, कुणी मरत नाही. हे सगळं तुला कुठल्या पुस्तकात मिळालं नव्हतं. एकदा डबा खाताना तू सांगितलंस की बचत गटाची सचिव झालीस तेव्हा बँकेत मॅनेजरसमोर नाव सांगतानाही तोंडाला पदर जायचा तुझा, आणि गटातल्या एका म्हाताऱ्या आजींनी तुला सांगितलं होतं की साहेबाला नको सांगू, मला सांग, मी बसलेय ना इथं. म्हणजे मला मिळालेलं ते तिथून आलं होतं. त्या आजींनाही माझा नमस्कार पोचव, असतील तर.

आंतरवासितेत, म्हणजे खऱ्या शाळेत शिकवायच्या सरावात, आठवीचा वर्ग मिळाला, 52 मुलं. तू दुसऱ्या शाळेत होतीस. मी तिसऱ्या बाकावर दोन वेण्या घातलेली एक मुलगी बघून ठेवली आणि तिला तू समजून बोलायला सुरुवात केली. साधारण दहा मिनिटांनी लक्षात आलं की मी सगळ्या वर्गाशी बोलतेय.

आता मी नोकरीला लागलेय ताई. परिपाठ माझ्याकडंच असतो. यंदा 3 जानेवारीला सहावीची एक मुलगी सावित्रीबाईंवर बोलायला उभी राहिली, "सावित्रीबाई फुले यांचा जन्म 3 जानेवारी 1831 रोजी नायगाव येथे" आणि गप्प. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळतेय, सोडतेय, परत गुंडाळतेय. मागून कुणीतरी फिसकन हसलं. माझ्या पोटात खड्डा पडला, ती मीच होते. मी तिच्या शेजारी जाऊन खाली बसले आणि विचारलं, नायगाव कुठं आहे गं? म्हणाली, साताऱ्यात, खंडाळा तालुक्यात. गेलीस का कधी? तर म्हणे, हो बाई, माझी मावशी शिरवळला असते, तिनं नेलं होतं, आणि मग पोरगी सुटलीच, ते घर कसं आहे, ती कुठं कुठं फिरली, मावशीनं काय काय दाखवलं. 1848 ची पुण्यातली मुलींची शाळा वगैरे लिहून आणलेलं सगळं राहून गेलं आणि कुणाला काही कमी पडलं नाही.

तेव्हापासून तुला शोधतेय.

वाचलंस तर फोन कर, माझा नंबर तोच आहे. नाहीतर सरळ घरी ये, दोन्ही पोरांना घेऊन. आईनं मार्चमध्ये नवा रांजण आणलाय, आणि प्रत्येक वेळी गोणपाट भिजवताना विचारते, ती तुझी रांजणाचं विचारणारी ताई कधी येणार म्हणून.

तुझी,
शेवटून दुसऱ्या बाकावरची