तू बरोबर होतास (एकदाच म्हणतोय)

प्रिय गड्या,

पाच महिने पत्र नाही, फोन नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. तब्येत ठीक. गुडघा कुरकुरतो, तुझ्यासारखाच, विनाकारण.

कॉम्प्युटरमधले रॅमचे चारही स्लॉट भरले. हो, तेच. "मोठ्या दोनच घे, चार लावू नकोस," असं तू कानीकपाळी ओरडलास आणि मी "मग स्लॉट काय शोभेला दिलेत?" म्हणून फोन आपटला. ३२ जीबीच्या दोन स्टिक होत्याच, हुबेहूब तशाच आणखी दोन आणल्या. चालू केलं, तर स्क्रीन काळी. दोन मिनिटांनी बंद केलं. परत चालू, परत काळी. तिसऱ्यांदा हताश होऊन नुसता बसून राहिलो, तेव्हा कुठे दहा मिनिटांनी उजाडलं. डीडीआर५चं (या नव्या पिढीच्या रॅमचं) पहिलं ट्रेनिंग, म्हणजे मशीनने नव्या स्टिकशी जुळवून घेणं, चालू होतं आणि मी दर वेळी मधेच शाळा सोडत होतो!

१२८ जीबी दिसले. नाचलो. मग बायोसमध्ये (विंडोजच्या आधीच्या सेटिंगच्या स्क्रीनवर) रॅमचा स्पीड पाहिला: ६०००चे ३६०० झालेले. एक्स्पो (खोक्यावरचा स्पीड देणारं सेटिंग) लावलं तर मशीन उठेचना, सीमॉस क्लिअर करावं लागलं, म्हणजे बायोसची सेटिंग पुसून मूळपदावर आणावी लागली. ४८००वर विंडोज आलं, म्हटलं जिंकलो. रात्रभर रॅम तपासणारा मेमटेस्ट लावला. सकाळी चुकांच्या लाल ओळीच ओळी. आलो मुकाट ३६००वर.

स्लॉट चार असले तरी चॅनेल (प्रोसेसरकडे जाणारे रस्ते) दोनच, हे तू सांगितलं होतंस. एका चॅनेलवर दोन स्टिक टांगल्या की सिग्नल बिघडतो. माझ्या रायझन ७००० प्रोसेसरसाठी तो बनवणाऱ्या एएमडीनेच दोन स्टिकना ५२०० आणि चारांना ३६०० दिलंय. मी मात्र खोक्यावरचे ६००० वाचून बसलो.

आता खरी पंचाईत ऐक. माझे पॅनोरमा (फोटो जोडून केलेली मोठी चित्रं) ६४ जीबीमध्ये मावत नव्हते, सगळं एसएसडीवर सांडायचं. आता सांडत नाही, त्यामुळे ३६००वरही जोडकाम कितीतरी लवकर होतं. रॅम कितीही मंद झाली तरी एसएसडीपेक्षा खूपच चपळ. पण सेकंदाला ९६ जीबीची वाट ५७.६वर आली, आणि चिरंजीवांचा गेम अडखळतो. "बाबा, तुम्ही बिघडवलंत." नव्या दोन काढल्या की तो खूश, मी परत रखडतो. ४८च्या दोन घेऊन ९६वर थांबलो तर दोघांचं भागेल बहुतेक. पण म्हणजे तू पहिल्या दिवशी सांगितलेलंच करायचं, आणि या चार कुणाच्या गळ्यात मारू?

तुझ्या बढतीचं कळलं, मस्तच. वहिनींना नमस्कार. घर बदललंस म्हणे, पत्ता कळव.

हसून झालं की फोन कर. तोवर चारही तशाच ठेवतो.

तुझाच,
जाड्या