त्या दिवसांत बाबांचं इन्सुलिन आणून देणाऱ्यांचे आभार

२४ मार्च २०२० च्या रात्री २१ दिवसांचं लॉकडाऊन जाहीर झालं, तेव्हा बाबांच्या इन्सुलिनची शेवटची बाटली घरात होती. किराणा, दूध, औषधं बंदीतून वगळली होती. पण यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या खेड्यात मेडिकलच नाही, अन् एसटी बंद. दुकान उघडं असून उपयोग काय, तिथवर पोचायचं कसं?

दुधाच्या गाडीवाले दादा, डॉक्टरची चिठ्ठी तुम्ही नेली. मेडिकलवाले काका, तुम्ही उधारीवर इन्सुलिन दिलं, तेही थंड पाण्याच्या थर्मासात, प्लास्टिकमध्ये नीट गुंडाळून. झाकणावर चिकटपट्टी लावून बाबांचं नाव लिहिलं होतं. नाक्यावरच्या पोलीसभाऊंनी चिठ्ठी वाचली अन् म्हणाले, "थांबू नका, ऊन वाढते आहे."

खरेदी थांबल्यानं कापूस घरातच पडून होता, हातात पैसा नव्हता. काका, तुम्ही उधारीची वही एकदाही पुढे केली नाही. हे मी जन्मभर विसरणार नाही.

नावं लिहू नको म्हणालात, म्हणून लिहीत नाही. बाबा बरे आहेत. थर्मास अजून आमच्याकडेच आहे. न्यायला या, अन् जेवूनच जा.