तुझा मोती आणि आमचा ठोंब्या

कारेलीबाग, बडोदे

प्रिय मन्या,

तुझी पटकथा काल रात्री एका बैठकीत वाचली. आजी गेल्यावरचं ते घर, गप्प झालेले आजोबा, नात आणि दारात आलेला मोती. हाताशी पैसा नसताना तू हे करायला निघालास, म्हणून मनात आहे तेच लिहितो. मोती आजोबांचे अश्रू चाटतो, तो प्रसंग काढून टाक.

बाबा २०२४च्या एप्रिलमध्ये गेले. तेरावं उरकून तू परतलास, पुढचं मी कुणालाच धड सांगितलं नाही. आई रडलीच नाही रे. स्वयंपाक करायची, वाढायची, विचारलं तेवढंच बोलायची. बाबांच्या कोल्हापुरी चपला दाराशी तशाच होत्या. केर काढताना उचलायची आणि पुन्हा तिथेच जुळवून ठेवायची.

ऑगस्टच्या शेवटी विश्वामित्रीला पूर आला. शहरात रस्त्यांवर मगरी फिरत होत्या, आमच्या तीन पायऱ्या बुडाल्या. पाणी ओसरलं त्या सकाळी जिन्याखाली चिखलाने लडबडलेलं पिल्लू कुडकुडत बसलेलं. आईने दूध-पोळी कुस्करून घातली आणि त्याचं पोट बिघडलं. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, गाईचं दूध बंद, मऊ भात द्या, थोडा थोडा, दिवसातून चार वेळा. झालं! चार वेळा आईला उठावंच लागलं. ठोंब्या तिच्याकडे बघतही नसे, त्याचं सगळं लक्ष ताटलीवर. पण ती ठेवल्याचा ठण्ण आवाज घरात पुन्हा वेळ मोजायला लागला.

आणि मग एका दुपारी त्याने बाबांच्या चपलेचा अंगठा चावून तोडला. आई स्वयंपाकघरातून धावत आली आणि ओरडली, "अहो, बघा जरा हे!" घर चिडीचूप. ती तिथेच, दाराशी, फरशीवर बसली आणि चार महिन्यांचं रडली. ठोंब्या पलीकडे अंगठा चघळत होता. मी जवळ गेलो नाही. जायला हवं होतं की नाही, अजून कळत नाही.

तुझ्या आजोबांना असं काही दे. संवाद नको, पार्श्वसंगीत तर नकोच.

बजेटचं म्हणशील तर नदीचे आणि हॉस्पिटलचे प्रसंग गाळ. एक घर, खिडकीतून येणारा उजेड आणि ताटलीचा आवाज, एवढ्यात तुझा सिनेमा उभा राहतो. मोतीला पाण्यात उतरवायचं तर अजिबात नको. कुत्रं दोन-तीन टेकनंतर कंटाळतं, म्हणून कॅमेरा आधी लाव, माणसांची तालीम करून घे, मग त्याला बोलव. ॲनिमल वेल्फेअर बोर्डाची परवानगी शूटिंगच्या आधी काढ. २००१च्या नियमांप्रमाणे ती लागतेच, आणि सेन्सॉरकडे गेलास की ते कागद मागतात. मागाहून धावाधाव करून हाती काही लागत नाही.

चपला अजून दाराशीच आहेत. अंगठा मी चांभाराकडून शिवून आणला.

हे लिहीत होतो तेव्हा आईने विचारलं, कुणाला एवढं लांबलचक? तुझं नाव सांगितलं, सिनेमाचंही सांगितलं. तिचा निरोप आहे: "मन्याला म्हणावं, कुत्र्याने ऐकावं म्हणून त्याला उपाशी ठेवू नकोस."

तुझा,
नंदू